गादीची गोष्ट आपल्याकडे आणते आहे

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा ‘बघू’ एवढेच म्हणाले, आणि त्यांचे ‘बघू’ म्हणजे ‘नको’, हे मला लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. कापसाच्या सरकारी खरेदीवरच्या माझ्या विनोदी कादंबरीच्या प्रचारासाठी मी दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे आणि ती मंजूरही झाली आहे. पुस्तकांची खोकी घेऊन वणी, पांढरकवडा, यवतमाळ अशी बाजाराची गावे फिरणार आहे. पुण्यातल्या दुकानांत पुस्तक खपेल, नाही असे नाही. पण ज्यांनी सरकारी कापूस संकलन केंद्रापुढे बैलगाड्यांच्या रांगेत रात्री काढल्या, प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने चिमटीत धरलेल्या कापसाकडे श्वास रोखून पाहिले आणि मग महिनोन्‌महिने चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची, वाट पाहिली, त्यांनी हे वाचून पोटभर हसावे, अशी माझी फार इच्छा आहे.

बाबा, लोक आपल्या घराला हसतील, ही तुमची भीती मी मनावर घेतली आहे. पण नाक्यावर नवरीची गादी उसवून आतला कापूस तोलणारा माझा कारकून वाचताना हसू येते ते कायद्याचे. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, म्हणजे राज्यातला कापूस फक्त सरकारलाच विकायचा असे ठरले, आणि पुढे कितीतरी वर्षे स्वतःच्या रानातला कापूस राज्याबाहेर, पैनगंगेपलीकडे आदिलाबादला विकणारा शेतकरी गुन्हेगार ठरला. यात लाज वाटावी ती कोणाला? तरीही गाडीवाल्याचे नाव, गाव, बैलांचे रंगसुद्धा मी बदलले आहेत. नाक्यावरच्या त्या रात्री तुम्ही मला घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतले होते, ते मात्र पुस्तकात घातलेले नाही. ते माझ्याजवळच आहे.

आई, शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाहून तू आणलेला लाल बिल्ला तुला न विचारता सोबत घेतला आहे, रागावू नकोस. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी मांडलेले बाजाराचे स्वातंत्र्य भाषणांतून ज्यांच्यापर्यंत पोचले नाही, त्यांच्यापर्यंत ते विनोदातून पोचेल, असे मला मनापासून वाटते.

तुमची आबाळ होणार नाही. किराणा आणि सिलिंडर दादा पाहील, आईच्या गुडघ्याचे तेल आणि बाबांचा नवा चष्मा मी येताना आणेन. बाबांनी रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही आणि उन्हात शेतावर जायचे नाही. आईने पाण्याची घागर उचलायची नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

पहिले चार दिवस घरीच मुक्काम करीन. ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुरे, दुसरे काही करत बसू नका. पांढरकवड्याच्या बाजारात बाबांसाठी सावलीत एक खुर्ची ठेवणार आहे. तुम्हाला यावेसे वाटले नाही तरी मी रुसणार नाही, पण खुर्ची ठेवीन.

तुमची,
बेबी