तुझी चार पाकिटं

सोलापूर,
२० जानेवारी

प्रिय दिग्या,

तुझ्या चार अंतराळमोहिमांच्या टपाल-पाकिटांचे फोटो मिळाले. मोठे करून करून बोट दुखलं, पण काम झालं. विक्रेता म्हणतो "चारही सरकारी", आठ दिवस बघायला दिलीत, आणि तू विचारतोस, घेऊ का? आधी उत्तर ऐक. एक घे. एक हौस असेल तर घे. एक अजिबात घेऊ नकोस. आणि चौथं माझ्यासाठी घे, पैसे मी देतो. आता कारणं. फोनवर सांगायला लागलो की तू मधे मधे बोलतोस, म्हणून पत्र.

माझी फजिती आधी सांगतो, म्हणजे पुढे हसायला मोकळा. तीन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर जुनी नाणी-तिकिटं घेऊन एक जण बसला होता. त्याच्याकडे आर्यभट्टाचं कार्ड होतं. उपग्रहाचं चित्र, तिकीट, गोल शिक्का, खाली छापलेलं : "१९ एप्रिल १९७५, श्रीहरिकोटा येथून यशस्वी प्रक्षेपण". मी बाराशे रुपये मोजले आणि शेंगाचटणीच्या पिशवीत तेल लागणार नाही असं जपून घरी आणलं. रात्री जेवताना नातू म्हणाला, "आजोबा, आर्यभट्ट तर रशियातून सोडला होता." खरंच की! कापुस्तिन यार, सोव्हिएत रॉकेट. श्रीहरिकोट्यावरून आपला पहिला उपग्रह आपल्याच रॉकेटने गेला तो १९८० मध्ये. हे सगळं मला पाठ होतं बे! पण हातात कार्ड आलं की माणूस चित्र बघतो, वाचत नाही. ते कार्ड अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

तेव्हापासून मी कुठलंही पाकीट हातात घेतलं की तीन गोष्टी वेगवेगळ्या बघतो : कागद, तिकीट आणि शिक्का. फसवणारे आणि फसणारे दोघंही या तिन्हींना एक समजतात. प्रक्षेपणाच्या दिवशी तू घरचं साधं पाकीट घेऊन पोस्टात गेलास, वर तिकीट लावलंस आणि शिक्का मारून मागितलास, तर तो शिक्का शंभर टक्के खरा. म्हणून पाकीट सरकारी होत नाही. पाकीट तुझंच, शिक्का टपाल खात्याचा. बाजारातली निम्मी गल्लत इथेच होते. "शिक्का ओरिजिनल आहे साहेब" असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो बहुधा खोटं बोलत नसतो, अर्धंच बोलत असतो.

टपाल खात्याचं अधिकृत विशेष आवरण, म्हणजे खास प्रसंगाचं पाकीट असेल तर त्याला त्या त्या सर्कलच्या, म्हणजे टपाल विभागाच्या, मुख्य पोस्टमास्टर जनरलची मंजुरी लागते, त्यासाठी चित्राचा खास शिक्का बनवतात, आणि अलीकडच्या आवरणांवर सर्कलचं लघुरूप, क्रमांक आणि वर्ष छापलेलं असतं. कुठल्या प्रसंगाचं, याचा मजकूर पाठीमागे असतो. खासगी पाकिटावर यातलं काही नसतं, किंवा असलंच तर मोघम : "अंतरिक्ष गौरव" वगैरे, खाली कुणाचीच सही नाही. मोठे शब्द दिसले की माझा हात खिशाकडून मागे येतो.

आता तुझी पाकिटं. पहिलं, राकेश शर्माचं, ते घे. ३ एप्रिल १९८४, ज्या दिवशी त्याला घेऊन सोयूझ टी-११ यान उडालं त्याच दिवशी खात्याने तीन रुपयांचं तिकीट काढलं होतं, त्याचं हे प्रथम दिवस आवरण, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशी शिक्का बसलेलं पाकीट. तारीख, तिकीट, शिक्का, सगळं एका सुतात. भाव मात्र पाडून माग, दुर्मीळ काही नाही.

दुसरं, १८ जुलै १९८० चं, एसएलव्ही-३ रॉकेटचं. विक्रेता सगळ्यात जास्त पैसे याचे मागतोय ना? हातही लावू नकोस. उड्डाणाची तारीख बरोबर आहे, रोहिणी उपग्रह त्याच दिवशी कक्षेत गेला. पण तिकीट बघ. रॉकेटचं चित्र असलेलं एक रुपयाचं हे तिकीट टपाल खात्याने काढलं त्या उड्डाणाच्या पहिल्या वाढदिवसाला, १८ जुलै १९८१ ला. शिक्का १९८० चा. म्हणजे तिकीट जन्माला यायच्या आधी वर्षभर त्यावर शिक्का बसला! आणि खाली छापलंय "सतीश धवन अंतराळ केंद्र". अरे, १९८० साली धवनसाहेब स्वतः इस्रोचे अध्यक्ष होते, त्यांच्या नावाच्या केंद्रावरून ते कसं रॉकेट सोडतील? ते नाव २००२ मध्ये, ते गेल्यानंतर दिलं. तोवर श्रीहरिकोट्याच्या त्या केंद्राला नुसतं 'शार' म्हणत. म्हणजे हा कागद २००२ नंतरचाच. अशी नावंच चोर पकडून देतात. केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं २१ नोव्हेंबर १९६३ ला. त्या तारखेच्या कार्डावर कुणी 'इस्रो' छापलं असेल, तर इस्रो १९६९ ची आणि पिनकोड छापला असेल तर तो १९७२ चा, एवढं लक्षात ठेव.

कागद तपासायचा तर आपल्या हातातलीच हत्यारं पुरतात. बाबांचं ते घडीचं पितळी भिंग आठवतं? इंचाला धागे किती ते मोजायचं, कारखान्यात खिशात असायचं. मागावर नक्षी विणायचे जॅकार्डचे भोकांचे पत्ते मारताना मी तेच वापरायचो, आता शिक्के बघतो. हाताने मारलेल्या शिक्क्याची शाई सलग असते, काठाला थोडी दाट, कागदाच्या तंतूंत उतरलेली, आणि तिकिटावरून पाकिटावर जाताना दातऱ्यांपाशी किंचित अडखळते. छापलेल्या शिक्क्यात भिंगाखाली रंगीत ठिपके दिसतात. तेवढे दिसले की विषय संपला. दुसरं, नोटा तपासायचा निळा दिवा. दुकानदाराकडे दोन मिनिटं माग. जुना म्हणून दिलेला कागद त्याखाली नव्या वहीसारखा लख्ख पेटला तर सावध हो. पण नुसत्या दिव्यावर निकाल देऊ नकोस, त्या काळातही चकाकणारे कागद होतेच.

तिसरं अमेरिकन. हे खरं आहे, अधिकृत आहे, वर अंतराळात जाऊनही आलंय. चॅलेंजर यान, एसटीएस-८, ३० ऑगस्ट १९८३. नऊ डॉलर पस्तीस सेंटचं तिकीट लावलेली अडीच लाखांहून जास्त पाकिटं नासा आणि तिथल्या टपाल खात्याने मिळून यानात भरून नेली आणि नंतर १५ डॉलर ३५ सेंटला विकली. अडीच लाख! आपल्या चादरींची गठडी बांधतात तशी बांधली असतील. म्हणून 'अंतराळात जाऊन आलेलं' या शब्दावर भाळून भरमसाट पैसे देऊ नकोस.

आणि याच्या उलटी गोष्ट अपोलो-१५ ची, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९७१. अंतराळवीर डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभं राहून, कॅमेऱ्यासमोर, टपाल खात्याच्या एका पाकिटावर शिक्का मारला. हे झालं सरकारी काम. पण त्याच यानात, नासाला न सांगता, जवळजवळ चारशे पाकिटं आणखी होती. चंद्रावर उतरून ती परत आली. समुद्रातून त्यांना उचलणाऱ्या जहाजावर तिकिटं लावून ७ ऑगस्टचे शिक्के मारून घेतले, आणि त्यातली शंभर जर्मनीतल्या एका तिकीट-व्यापाऱ्याकडे गेली. त्याने ती विकायला काढल्यावर बोभाटा झाला. यानातल्या तिघा अंतराळवीरांनी ठरलेले पैसे नाकारले तरी ठपका बसलाच, आणि तिघंही पुन्हा अंतराळात गेले नाहीत. उरलेली पाकिटं सरकारने ताब्यात घेतली होती, ती तिघांपैकी वर्डेनने दावा लावल्यावर १९८३ मध्ये परत मिळाली. कुठलं १९८३? तुझं तिसरं पाकीट उडालं तेच. मग आता सांग, चंद्रावर जाऊन आलेलं ते चोरटं पाकीट खरं की खोटं? माझ्या मते पाकीट खरं, परवानगी खोटी. एकाच यानातून, एकाच वेळी दोन्ही जातीची पाकिटं आली, म्हणून 'अधिकृत का?' आणि 'जाऊन आलं का?' हे दोन प्रश्न मी कधी एका दमात विचारत नाही.

आणि चौथं, चांद्रयान-२. याला तू 'भंगार' म्हणालास. त्यावर छापलेली तारीख १५ जुलै २०१९, शिक्का २२ जुलैचा, म्हणून तू हसलास. पण मला तेच आवडलं. १५ जुलैला पहाटे दोन एक्कावन्नला उड्डाण ठरलं होतं, छप्पन्न मिनिटं उरली असताना उलटी गणती थांबवली. मग २२ ला दुपारी उडालं. कुणी तरी कार्डं आधीच छापून बसला होता. वाया घालवायची नाहीत म्हणून आठवडाभर थांबून, खऱ्या दिवशी खऱ्या पोस्टात जाऊन शिक्के मारून आणले. खोटं करणारा असता तर तारीख नीट जुळवून छापली असती.

कोपऱ्यात बारीक तेलुगू ओळ होती, ती मला कळेना. पूर्वभागातल्या आपल्या लक्ष्मक्कांकडे फोन घेऊन गेलो. चष्मा शोधण्यात दहा मिनिटं, मग एका दमात वाचलं आणि हसायला लागल्या. एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाने आपल्या गिऱ्हाइकांना दिलेली भेट आहे म्हणे, "शाळेच्या मुलांना मोफत". म्हणजे पूर्ण खासगी, आणि ते स्वतःच तसं सांगतंय. तुझ्या विक्रेत्याला ती ओळ वाचता आली नाही, नाहीतर त्याने अंगठ्याने झाकून फोटो काढला असता.

एसएलव्हीवालं परत करताना भांडू नकोस. नुसतं १९८१ म्हण आणि त्याचा चेहरा बघ. तोही कुणाकडून तरी फसलेला असू शकतो. चांद्रयानाचं दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून स्पीड पोस्टाने पाठव. स्टेपल मारू नकोस, चिकटपट्टी कार्डाला लागू देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. शेंगाचटणी आणि कडक भाकरी वेगळ्या पार्सलने धाडतोय. त्या पार्सलशेजारी पाकिटं ठेवू नकोस, तेलाचा डाग मात्र हमखास ओरिजिनल असतो.