जुगाराची वेबपाने बनवणाऱ्यांनाही जाब विचारा

महोदय,

सांगलीत मी वेबसाइट बनवतो. जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर जास्तीत जास्त लोकांनी नोंदणी करावी, हे पाहणं माझं काम. मध्यंतरी एका सट्टेबाजीच्या ॲपसाठी तसं पान मराठीत करून मागण्यात आलं. मी नकार दिला, पण त्यांचा नमुना वाचकांना कळायलाच हवा.

पानावर मोबाइल नंबरची एकच चौकट, विचाराला उसंतच नको. ‘बोनस संपायला १० मिनिटं’ असं उलटं घड्याळ. पान पुन्हा उघडलं की तेही पुन्हा १० पासून. ‘आत्ताच जिंकले’ म्हणून सरकणारी नावं आधीच लिहून ठेवलेली. पैसे काढण्याच्या अटी मात्र तळाशी, फिकट बारीक अक्षरांत.

अशी खोटी घाई केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या खेळांच्या जाहिरातीसाठी २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही कॉलेजातल्या पोरांच्या मोबाइलवर ही पानं उघडतातच. सायबर पोलिसांनी ॲपवाल्यांबरोबर पानं बनवणाऱ्यांचाही माग काढावा. आम्हा डिझायनरांनीही अशी कामं घेऊ नयेत.

– एक वेब डिझायनर, सांगली