वाघिणीचा रस्ता मोकळा ठेवा

माननीय संपादक,

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव भागात ‘एफ-२’ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून गाड्यांची संख्या घटवा, अशी मागणी होते. ती रास्त आहे, पण अपुरी. वेगवेगळ्या गाड्या एकाच जागी जमतात, हे खरे दुखणे आहे.

एप्रिल-मे महिन्यांत ओढे आटतात आणि वाघ कोणत्या पाणवठ्यावर येणार, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असते. समोरून येणारी जिप्सी थांबवून खबर विचारली जाते. सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्याचा इशारा, आला, की सगळे तिकडे सुटतात. सायटिंग झाले, म्हणजे वाघ दिसला, तरच बक्षिसी, त्यामुळे गाइड तरी काय करणार? मागच्या गाडीला दिसत नाही म्हणून ती पुढे घुसते, पलीकडून दुसरी रांग येते आणि रस्ता दोन्ही टोकांनी बंद होतो. बछडे एका बाजूला, वाघीण दुसऱ्या बाजूला. प्राण्यापासून २० मीटर आणि दोन गाड्यांत ५० मीटर अंतराचा नियम आहे. म्हणजे दहा गाड्यांची रांग जवळपास अर्धा किलोमीटर लांब हवी. प्रत्यक्षात बंपरला बंपर लागलेला असतो.

म्हणून गेटवरच चिठ्ठी काढून प्रत्येक गाडीला मार्ग ठरवून द्यावा आणि निदान पहिले दोन तास तो बदलू देऊ नये. सायटिंगच्या जागी गाड्या रस्त्याच्या एकाच टोकाला उभ्या राहाव्यात, दुसरे टोक वाघासाठी मोकळे. हे मोडणाऱ्या गाडीचा प्रवेश काही दिवस बंद करावा. पर्यटकाला दंड करून चालकाला सोडले, तर काही बदलणार नाही.

या गर्दीला विटलेली मंडळी आता ‘निर्जन’ जंगल शोधू लागली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात हे जिवावर बेतू शकते. तिथे वाघ ताडोबाच्या हद्दीबाहेर ब्रह्मपुरीच्या जंगलातही राहतात. मोहफुले वेचायला वाकलेल्या माणसावर हल्ले होतात, तिथे अनोळखी माणसाने पायी भटकणे हा वेडेपणा आहे. शिवाय अभयारण्यात विनापरवाना शिरणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

एकांत हवा असेल, तर दिवाळीची सुट्टी संपल्यापासून नाताळपर्यंतचे आठवड्यातले मधले दिवस निवडा. गवत उंच, पाणी सर्वत्र, म्हणून वाघ कमी दिसतो आणि गर्दीही पांगते. किंवा मेळघाटात जा. सेमाडोह, कोलकासच्या डोंगराळ सागवनात वाघ सहज दिसत नाही, पण रानपिंगळा तिथे दिवसाउजेडी दिसू शकतो. १८८४ नंतर नामशेष मानलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. गाइडला आधीच सांगावे: वाघ दाखवला नाही तरी चालेल, पाणवठ्यापासून लांब गाडी लावा आणि अर्धा तास इंजिन बंद ठेवा. पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक कंटाळून ‘चला’ म्हणतात. गाडी थांबल्यावर गप्प झालेले पक्षी त्यानंतर बोलू लागतात.

सर्वांत चांगली जागा मचाणाची. बुद्धपौर्णिमेच्या ‘निसर्गानुभव’ या रात्रभर मचाणावर बसून प्राणी पाहण्याच्या उपक्रमात वनविभाग ती देतो. उजेड असतानाच चढावे, सकाळपर्यंत उतरू नये. अत्तर नको. खाणे कुरकुरणाऱ्या पाकिटांऐवजी फडक्यात बांधून न्यावे, कारण रात्री तो आवाज पाणवठ्यावर सहज पोहोचतो. टॉर्च फक्त अडचणीसाठी.

बफरमधली, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातली, अशी मचाणे दिवसाच्या फेऱ्यांसाठी हिवाळ्यातही खुली करावीत आणि त्यांचे काम गावच्या ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे सोपवावे. एका मचाणावर दोन पर्यटक आणि गावातला एक गाइड, इतकेच. वाघ दिसला नाही म्हणून त्या गाइडचा रोज बुडू नये, एवढी तजवीज दरातच करून ठेवावी.

– काही वन्यजीव अभ्यासक, नागपूर