नायट्याच्या ट्यूबला चिठ्ठी का मागत नाहीत?

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन यांस,
स. न. वि. वि.

महोदय, पावसाळ्यात इंदूरच्या कुठल्याही मेडिकलपाशी थोडा वेळ उभे राहा. "भैया, दाद-खाज की ट्यूब देना," एवढं म्हटलं की ट्यूब हातात पडते. चिठ्ठी कोणी मागत नाही. पुरळ कुठे उठलंय, किती दिवस झाले, हेही नाही. बऱ्याचदा त्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉईड असतं, जोडीला अँटिबायोटिक आणि बुरशीवरचं औषध. कुठलंही पुरळ असो, काहीतरी लागू पडेलच, असा हिशेब!

स्टेरॉईड मुळात वाईट नाही. इसब असेल, दागिन्याची अ‍ॅलर्जी असेल, तर डॉक्टर तेच देतात, पण बेताने. नायटा मात्र बुरशीचा. त्यावर स्टेरॉईड चोळलं की एक-दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. त्वचेची झुंज मंदावलेली असते, त्यामुळे बुरशी खुशाल पसरते. नायट्याची ती उठावदार गोल कडाही पुसट होते आणि डॉक्टरांनाही निदान अवघड जातं. रामबागेत आमच्या ओळखीच्या एका मुलाच्या जांघेत अशाच मलमाने पांढुरके चरे पडलेत, बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तसे. नायटा औषधाने जाईल, चरे राहतील.

खरं तर नायट्याला बुरशीचं औषध काही आठवडे, डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, लावावं लागतं. पसरला असेल तर गोळ्याही. घरात आणखी कोणाला असेल तर त्याचेही उपचार सोबतच, आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. त्यात आता टर्बिनाफाइन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही देशात सापडते आहे.

नियम नाही असं नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. ट्यूबवर तसा इशाराही असतो, भिंग घेऊन वाचावा इतक्या बारीक अक्षरांत.

आपल्या औषध निरीक्षकांनी साधं गिऱ्हाईक होऊन ही ट्यूब मागून पाहावी. आणि शासनाच्या संजीवनी क्लिनिकमध्ये केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) तपासणीची सोय करावी: त्वचा जरा खरवडायची, काचपट्टीवर घेऊन त्यावर केओएचचा थेंब टाकायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बुरशी आहे की नाही ते तिथेच कळेल. पुढचा पावसाळा लागण्याआधी एवढं झालं तरी पुष्कळ.

आपला,
इंदूरचा एक मराठी रहिवासी