डायलिसिस मोफत, मग त्यासोबतची जीवनसत्त्वांची गोळी बाहेरून का?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम नमस्कार.

आमचं गाव रावेर तालुक्यात, चहूकडे केळीचे मळे. घड कापणीला आले की आमचे आबा अजूनही बांधावर जाऊन बसतात, पण तीन वर्षांत त्यांनी केळं तोंडात घातलेलं नाही. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पोटॅशियम वाढलं तर हृदयावर बेततं, म्हणून केळी बंद. आई मेथी चिरून पातेलंभर पाण्यात उकळते, ते हिरवं पाणी मोरीत ओतते आणि उरलेला चोथा फोडणीला टाकते. त्या पाण्यातून पोटॅशियम जातं, तशी बी आणि सी जीवनसत्त्वंही जातात. अंगात जी काही उरतात, त्यातलीही काही चार तासांच्या डायलिसिसमध्ये रक्तातून निघून जातात.

शासनाने केलेलं आम्ही विसरलेलो नाही. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही सोय नसती तर आमची दोन बिघे जमीन केव्हाच गेली असती.

पण सुई काढून हाताला पट्टी लागली की चिठ्ठी मिळते: बी-कॉम्प्लेक्स, फॉलिक ॲसिड (तेही बी गटातलंच जीवनसत्त्व), बाहेरून घ्या. एसटीचं भाडं, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी, आणि वर हा खर्च. ओढाताण झाली की आधी हीच गोळी सुटते. ती नाही घेतली म्हणून त्या दिवशी काही दुखत नाही ना.

एकदा तर मीच मेडिकलमधून साधी मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणली. डॉक्टरांनी लेबलवरच्या 'व्हिटॅमिन ए'वर बोट ठेवलं. ते डायलिसिसने निघत नाही, अंगात साचत जातं. सी सुद्धा जास्त झालं तर ऑक्झलेट नावाचा क्षार अंगात साचतो. हे आम्हाला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

या गोळीने आयुष्य वाढतंच, असं मी म्हणणार नाही. अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या रुग्णांच्या 'डॉप्स' या अभ्यासात, २००४ साली, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी कमी दिसला. पण तो नुसत्या नोंदींचा अभ्यास होता; गोळ्या घेणाऱ्यांची एकूण काळजीच जास्त घेतली जात असेल, हेही शक्य आहे. २००७ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत रोज ४० मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, सोबत बी-६ आणि बी-१२ देऊन पाहिलं, त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. असले जबर डोस आम्ही मागतच नाही. डायलिसिसमध्ये जेवढं जातं, तेवढं भरून द्या, एवढंच मागणं आहे.

म्हणून किडनीच्या रुग्णांसाठीची, 'ए' नसलेली गोळी डायलिसिसच्या मोफत सेवेतच धरा. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती डायलिसिस झाल्यावर तिथेच द्या, आधी दिली तर वाहून जाईल. मधल्या दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून द्या. धडगाव-अक्कलकुव्याहून घाट उतरून नंदुरबारला येणाऱ्या माणसाला मेडिकलची आणखी एक फेरी घालायला लावू नका.

केंद्रावर प्रत्येक रुग्णाचं वजन, बीपी, किती पाणी काढलं, हे सगळं लिहून ठेवतात. त्याच कागदावर गोळीचा एक रकाना वाढवा. म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ती कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे तुमच्यासमोर येईल.

आपली नम्र,
रावेर तालुक्यातील एका डायलिसिस रुग्णाची मुलगी