टाइमलॉक पैसे पाठवत नाही, फक्त अडवतो

महोदय,

आपल्या अर्थविषयक पुरवणीत बिटकॉइनच्या टाइमलॉक व्यवहारांवर लेख आला. विषय मराठीत आला हे चांगलेच झाले. पण ठरलेल्या तारखेला रक्कम आपोआप वारसाकडे जमा होते, हे त्यातले विधान दुरुस्त व्हायला हवे. वॉलेटचे कोड तपासणे हा माझा व्यवसाय आहे आणि नेमक्या याच समजुतीवर उभे केलेले आराखडे माझ्या टेबलावर वरचेवर येतात.

बिटकॉइनमध्ये आपोआप काहीही होत नाही. टाइमलॉक एवढेच म्हणतो, की अमुक वेळेच्या आधी नाही. ती वेळ उलटल्यावरही कोणीतरी सही केलेला व्यवहार नेटवर्कवर पाठवावा लागतो आणि त्या दिवशीचे शुल्क मोजावे लागते.

लेखात दोन वेगळी कुलपे एकच समजली गेली आहेत. पहिले व्यवहारावर लागते. प्रत्येक व्यवहारात लॉकटाइमचा एक आकडा असतो. तो ५० कोटींहून कमी असेल तर ब्लॉकचा (व्यवहार ज्या साखळीत नोंदले जातात तिच्या एका पानाचा) क्रमांक, नाहीतर १९७० पासूनचे सेकंद. (५० कोटी सेकंद १९८५ मध्येच उलटले, आणि दहा मिनिटांना एक या गतीने तेवढे ब्लॉक व्हायला साडेनऊ हजार वर्षे लागतील. म्हणजे दोन्हींची गल्लत होत नाही. सोय झकास आहे.) पण हा झाला पुढच्या तारखेचा चेक. देणाऱ्याने मधल्या काळात तेच नाणे दुसरीकडे खर्च केले की तुमच्या हातात नुसता कागद उरतो.

दुसरे कुलूप नाण्यालाच लागते. पीटर टॉड यांनी २०१४ मध्ये सुचवलेली चेकलॉकटाइमव्हेरिफाय ही आज्ञा डिसेंबर २०१५ मध्ये लागू झाली. इथे खुद्द मालकालाही मुदतीआधी नाणे हलवता येत नाही. म्हणूनच आकडा चुकला तर दाद मागायला कोणी नाही. सेकंदांच्या जागी मिलिसेकंद लिहिले तर ती संख्या लॉकटाइमच्या ३२ बिटांत मावतच नाही आणि नाणे सोडवायची दुसरी वाट ठेवलेली नसेल तर रक्कम कायमची गेली.

बरे, वेळ मोजायची कोणाच्या घड्याळाने? ब्लॉकवरची वेळ तो ब्लॉक तयार करून शुल्क मिळवणारा मायनर लिहितो आणि ती दोन तासांपर्यंत पुढे असली तरी चालते. शुल्काच्या मोहाने ती पुढे ढकलली जाऊ नये म्हणून जुलै २०१६ पासून आधीच्या ११ ब्लॉकांच्या वेळांमधली मधली वेळ धरतात. ती खऱ्या वेळेपेक्षा साधारण तासभर मागे असते. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला कुलूप उघडेल असे कोणी सांगत असेल, तर त्याने हा भाग वाचलेला नाही.

सर्वात धोक्याचा गैरसमज मुदतबाह्य व्यवहारांचा. मुदत संपली की व्यवहार रद्द, अशी सोय बिटकॉइनमध्ये मुद्दामच ठेवलेली नाही. शेवटचे काही ब्लॉक कधीकधी बाद होऊन त्यांच्या जागी दुसरे येतात. तेवढ्यात एखाद्या व्यवहाराची मुदत संपली तर तो साखळीत परत येणार नाही आणि त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे कोसळतील. त्यामुळे एकदा वैध झालेला व्यवहार, त्याचे नाणे दुसरीकडे खर्च होईपर्यंत वैधच राहतो. समजा, समोरच्याने मुदतीत रक्कम उचलली नाही तर ती देणाऱ्याला परत घेता यावी, असा करार आहे. परिणाम असा, की ही परताव्याची मुदत आली म्हणून समोरच्याची वाट बंद होत नाही. दोन्ही वाटा खुल्या होतात आणि शर्यत लागते. लाइटनिंग नेटवर्कमध्ये (बिटकॉइनवर उभारलेले झटपट देवाणघेवाणीचे जाळे, जिथे रक्कम मधल्यांच्या हातून टप्प्याटप्प्याने जाते) एका टप्प्याच्या आणि पुढच्या टप्प्याच्या मुदतीत काही ब्लॉकांचे अंतर ठेवतात ते यासाठीच. आराखडा तपासताना मी आधी हे अंतर पाहतो, बाकीचे नंतर.

वारसासाठी सापेक्ष कुलूप बरे. ते तारखेपासून नव्हे, नाणे पत्त्यावर आल्यापासून मोजते. मालकाची वाट कायम खुली, वारसाची तेवढा काळ उलटल्यावर. पण त्याची ब्लॉकांतली कमाल मर्यादा ६५,५३५, म्हणजे सुमारे पंधरा महिने. मालक हयात असेपर्यंत त्याने मुदतीच्या आत नाणी स्वतःलाच पुन्हा पाठवत राहायचे, आणि प्रत्येक नाण्याची मोजणी वेगळी. विसरला तर त्याच्या हयातीतच वारसाची वाट उघडते. हे काम वर्षानुवर्षे कोण करणार, याचे उत्तर आराखड्यात नसेल तर मी तो परत पाठवतो.

जाता जाता, किल्लीचे बारा शब्द (ज्यांवरून वॉलेटची किल्ली पुन्हा तयार करता येते) जपा, हा आपल्या लेखातला सल्लाही अपुरा आहे. अशा पत्त्यावरचे नाणे सोडवायला कुलपाच्या अटींचा पूर्ण मजकूर लागतो. तो नसेल तर बारा शब्द हाती असूनही वारसाला ती नाणी खर्च करता येणार नाहीत. निदान एवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वॉलेट-तपासनीस