काका, त्या दिवशी तुम्ही रांग थांबवलीत म्हणून

काका,

तुम्ही स्वतः हे वाचाल असं वाटत नाही, पण तुमचा मुलगा फेसबुकवर असतो, तो वाचून दाखवेल. तुमच्या मेडिकलच्या दुकानात येऊन बोलायला गेले की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणत पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेता आणि माझं बोलायचं राहूनच जातं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. माझी सिगरेट सुटली काका. वर्ष उलटून गेलं, आणि ती तुमच्यामुळे सुटली.

काल लिहायचं नक्की केलं, त्याला कारण झालं. ऑफिसमधली एक मुलगी, माझ्यापेक्षा बरीच लहान, वॉशरूममध्ये रडत होती. खोकला जात नाही म्हणून डॉक्टरकडे गेली, सिगरेट ओढते हे खरं खरं सांगितलं, सोडायचीय हेही सांगितलं, आणि त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला तर "घरी माहितीये का?" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कारण मलाही हेच ऐकवलेलं, दुसऱ्या डॉक्टरांनी. "चांगल्या घरच्या दिसता", "मूलबाळ नको का?" असं बरंच काही. माझा खोकला राहिला बाजूला, कशी सोडायची यावर एक वाक्य नाही. मी तिथून निघाले आणि सरळ टपरीवर गेले, कारण एवढं ऐकून घेतल्यावर तलफ येणारच ना. डॉक्टरांनी सोडा म्हणून सांगितलं तर त्याचा उपयोग होतो हे मला मान्य आहे, नुसत्या दोन मिनिटांच्या सल्ल्यानेही काही लोक सोडतात हे सिद्ध झालेलं आहे. पण सल्ला वेगळा आणि अब्रू काढणं वेगळं.

ऑफिसात 31 मेला, तंबाखूविरोधी दिनाला, एका बाईंनी येऊन काळ्या फुफ्फुसांचे फोटो दाखवले, सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. एकालाही वैयक्तिक विचारलं नाही की बाबा तू किती ओढतोस, कधी ओढतोस. शपथ घेणारे निम्मे जण तासाभरात खाली टपरीवर होते. आणि घरचे? "मनावर घेतलं तर काय अवघड आहे", "विलपॉवर पाहिजे". हे विलपॉवरवालं तर मला आता ऐकवत नाही. कुठलीही मदत न घेता नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्या शंभरातले जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने वर्षभर टिकतात. म्हणजे बाकीचे पंच्याण्णव काय कमकुवत मनाचे आहेत? झुरका घेतल्यावर काही सेकंदांत तंबाखूतलं निकोटिन, ज्याची सवय लागते ते, मेंदूत पोचतं, दिवसातून पंधरा वीस वेळा, वर्षानुवर्षं, त्या मेंदूला तुम्ही सांगताय की मनावर घे.

सिगरेट सोडायला मदत म्हणून चघळायचा निकोटिनचा गम मी तुमच्याकडे यायच्या आधी दुसऱ्या एका मेडिकलमधून आणला होता. तिथल्या माणसाने माझ्याकडे वर खाली बघितलं, स्ट्रिप वर्तमानपत्रात गुंडाळली, काळ्या पिशवीत घातली आणि काउंटरवर सरकवली. कसा खायचा, किती खायचा, एक शब्द नाही. साध्या च्युइंगगमसारखा चावला, घसा जळला, उचक्या लागल्या, मळमळलं, तलफ तशीच. मला वाटलं हे पण आपल्यासाठी नाही.

आणि मग तुमचं दुकान. संध्याकाळची वेळ, माझ्या मागे चार पाच जण उभे. मी अगदी हळू आवाजात गम मागितला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि ज्या आवाजात शेजारच्या आजोबांना "गोळी जेवणाआधी घेता की नंतर" असं विचारलं होतंत, अगदी त्याच आवाजात मला विचारलंत, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते?" मी म्हटलं, ब्रश करायच्या आधी. तुम्ही नुसती मान हलवलीत. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर 2 एमजीचा गम पुरणार नाही, 4 एमजीचा लागेल, त्यासाठी चिठ्ठी आणा, म्हणालात, आणि नीट लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव पण दिलंत. मग "आधी खाऊन पाहिलाय का, कसा खाल्ला?" हे विचारलंत. मी सांगितलं. तेव्हा तुम्ही बरणीतला एक साधा च्युइंगगम काढलात, स्वतःच्या तोंडात टाकलात आणि मला चावून दाखवलंत! हळूहळू चावायचं, झिणझिण्या आल्या की थांबायचं, गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. औषध तोंडातूनच रक्तात जायला पाहिजे, गिळलं की फुकट जातं आणि उचक्या लागतात. आधी पंधरा मिनिटं चहा कॉफी नाही. मागून कोणीतरी "अहो किती वेळ" म्हणालं तर गाल फुगलेला तसाच ठेवून तुम्ही म्हणालात, "दोन मिनिटं थांबा, ताईंना औषध समजावतोय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. साठीचा माणूस, संध्याकाळची गर्दी, आणि एका बाईची सिगरेट सुटावी म्हणून रांग थांबवून गालात गम धरून उभा. ना आवाज खाली केलात ना वर. पेपरात गुंडाळलं नाहीत. घरी आले आणि मी खूप रडले, पण ते रडणं निराळं होतं. इतकी वर्षं मी लपून ओढत होते, लपून सोडत होते आणि सुटली नाही की ते पण लपवत होते, आणि जे सगळ्यांपासून लपवायचं त्याला मदत मागणार कुणाकडे?

बाकी गोष्टी तुम्ही येता जाता सांगत गेलात. तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढी काढायची. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, चिडचिड होईल, झोप उडेल, महिन्याभरात बरंचसं निवळतं. वजन चार पाच किलो वाढू शकतं, घाबरून परत ओढायला लागू नका. हे वजनाचं आधी कुणीच सांगितलं नव्हतं, आणि आमच्यातल्या कितीतरी जणी त्याच्यावरच अडकतात. मध्ये एकदा सुटलेली परत सुरू झाली तेव्हा मी तुमच्या दुकानावरून मान खाली घालून चाललेले, तर तुम्ही हाक मारून विचारलंत, "कुठल्या वेळेला ओढलीत?" दुपारच्या चहाबरोबर, म्हटलं. "मग दुपारचा चहा जागेवर मागवा, टपरीवर जाऊ नका." बस, एवढंच.

टपरीवरून आठवलं. सुट्या सिगरेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, पण आमच्या ऑफिससमोर आजही चहाच्या ग्लासबरोबर एक सुटी मिळते. अख्खं पाकीट घ्यायचं तर माणूस दहा वेळा विचार करेल, एकीला कोण विचार करतो? आणि पाकिटावर 2018 पासून सोडायच्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो, 1800-11-2356, फोन फुकट. मी कायम सुटीच घेतली, मला तो नंबर तुमच्याकडूनच कळला.

तुम्ही नवऱ्याचंही विचारलं होतंत. नवरा बायकोतल्या एकाने सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी कमी होते, असं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांवरच्या 2008 च्या अभ्यासात आलंय, मी नंतर वाचलं. आमच्याकडे त्याची अजून पूर्ण सुटलेली नाही. पण घरात पाकीट ठेवत नाही, माझ्यासमोर ओढत नाही, आणि परवा स्वतःहून म्हणाला, काकांकडे कधी जायचं?

तुम्ही सगळ्यांशीच असे आहात हे मी आता बघत असते. आजींना इन्सुलिनचं पेन तीन तीनदा दाखवता, कॉलेजच्या मुली काही मागतात तेव्हा नजर दुसरीकडे ठेवता. समोरच्याला लाज न वाटू देता मदत करणारी माणसं किती कमी भेटतात. देशात सिगरेट बिडी ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना सोडायचीच आहे, 2016-17 च्या सरकारी पाहणीत 55.4 टक्के लोकांनी तसं सांगितलंय. त्यांना फोटो नकोत, शपथा नकोत. कुणीतरी नीट विचारायला हवंय, की पहिली किती वाजता लागते.

त्या रडणाऱ्या मुलीला मी तुमचा पत्ता दिलाय. शनिवारी येईल. लाजेल, हळू बोलेल, तुम्हाला सांगायला नकोच. दिवाळीत मी येतेय फराळ घेऊन, लाडू तुम्हाला चालत नाहीत हे माहितीये म्हणून चिवडा जास्त आणते. आणि ह्या वेळी "त्यात काय एवढं" म्हणू नका काका, प्लीज.

तुमची,
कोपऱ्यावरच्या सोसायटीतली